जुना पीएलसीसी बंद करण्याआधी

एकतीस वर्षं मी वीज उपकेंद्रांतलं कम्युनिकेशन सांभाळलं, त्यातली बहुतेक नागपूर आणि आसपासच्या टापूत. आता निवृत्त आहे, पण नव्याने लागलेली पोरं-पोरी अजून फोन करतात. "मॅडम, जुनं पीएलसीसी पॅनल काढायचा आदेश आला आहे, कुठून सुरू करू?" पीएलसीसी म्हणजे विजेच्या तारेवरूनच निरोप पाठवायची व्यवस्था. दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा लिहून ठेवते.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. एप्रिल-मेमध्ये नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी कूलर घरघरत असतात, लोड टिपेला असतो. तेव्हा लाइनचा आउटेज (कामासाठी लाइन बंद ठेवणं) मागायला गेलात तर कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही. जून ते सप्टेंबर विजांचा काळ, तेव्हा चालू संरक्षणाला हात लावणं म्हणजे पावसात छत उकलणं. दिवाळीनंतर शहराकडच्या लाइन मोकळ्या होतात, पण काटोल-कळमेश्वरकडे गहू-हरभऱ्याचे आणि संत्र्याच्या बागांचे पंप सुरू झालेले असतात. म्हणजे खरी खिडकी तीन महिन्यांची. सामान कधी येणार याची तारीख या खिडकीवरून उलटी मोजा.

आता मूळ मुद्दा. पीएलसीसीचं पॅनल म्हणजे करड्या रंगाचं कपाट, आत कार्डं, समोर एक काळा हँडसेट. वीज ज्या तारेवरून जाते त्याच तारेवर ५० ते ५०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर सोडून दोन उपकेंद्रं एकमेकांशी बोलतात. ती लहर उपकेंद्रात शिरून वाया जाऊ नये म्हणून तारेत वेव्ह ट्रॅप टांगलेला असतो, आणि ती तारेवर चढते-उतरते सीव्हीटीच्या (लाइनचं व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) कपॅसिटरमधून. चार किलोहर्ट्झच्या एवढ्याशा जागेत बोलणं, आरटीयूचा (उपकेंद्रातले आकडे नियंत्रण केंद्राला पाठवणाऱ्या यंत्राचा) डेटा आणि प्रोटेक्शनचा (बिघाडात ब्रेकर सोडवायचा) इशारा, तिघंही दाटीवाटीने बसलेले. आता ओपीजीडब्ल्यूतून, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या अर्थ तारेच्या पोटातून, फायबर आलं, तेव्हा हे कपाट जाणारच. पण ते काय काय करतं हे त्याच्या ड्रॉइंगमध्ये पूर्ण लिहिलेलं असेल असं समजू नका. वीस-पंचवीस वर्षांत कोणी ना कोणी रात्री दोन वाजता एखादी वायर फिरवून काम भागवलेलं असतं आणि सकाळी ड्रॉइंग सुधारायचं राहून गेलेलं असतं.

म्हणून पहिला आठवडा काहीही न उघडता घालवा. एक वही घ्या, साधी, लांबट. एमडीएफवर (सगळ्या कम्युनिकेशन तारा जिथे जोडल्या जातात त्या चौकटीवर) येणारी तारांची प्रत्येक जोडी, तिचा फेरूल नंबर (तारेच्या टोकावरच्या नळीवरचा), ती कुठून आली आणि कुठे गेली, हे लिहा. नंबर जुळत नसेल तर टोन सोडून दुसऱ्या टोकाला ऐका. ट्रेंचची झाकणं उचलायची असतील तर आधी काठी आपटा. आमच्याकडे ट्रेंचमध्ये केबलपेक्षा धामणी जास्त असतात, आणि सगळ्याच धामणी नसतात. फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका, धूळ बसलेला फेरूल फोटोत वाचता येत नाही.

हे मी इतकं घोळून का सांगते, तर माझ्या हातून झालेली चूक आहे. शहराबाहेरचं एक २२० केव्ही उपकेंद्र होतं. प्रोटेक्शनचा इशारा आम्ही फायबरवरच्या नव्या कपलरवर (इशारा पाठवणाऱ्या-घेणाऱ्या उपकरणावर) नेला, पाठवून पाहिला, घेऊन पाहिला, दोन्ही टोकांना वेळ मोजली, छान. जुन्या पॅनलवर आता फक्त फोन उरला असं ड्रॉइंग सांगत होतं. आमच्याकडे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते, सगळे त्यांना काकाजी म्हणत. ते पॅनलच्या मागे टॉर्च लावून उभे. म्हणाले, "मॅडम, हा एक जोड रिले पॅनलकडे जाऊन राहिला. पाहून घ्या न पहिले." मी म्हटलं, "असेल जुना, सोडा." आणि एमसीबी पाडला.

तो जोड 'चॅनल खराब' या अलार्मचा होता. इशाऱ्याच्या वायरी आम्ही नव्या कपलरवर नेल्या होत्या, चॅनल धड आहे की नाही हे मात्र डिस्टन्स रिले (बिघाड किती अंतरावर आहे ते ओळखून ब्रेकर सोडवणारं उपकरण) अजून जुन्या कपाटालाच विचारत होता. कपाट बंद पडताच रिलेने मानलं की कॅरिअर (इशारा आणणारा चॅनल) गेला, आणि पलीकडच्या इशाऱ्यावर चालायची कॅरिअरची योजना त्याने स्वतःच बाजूला ठेवली. रिले पॅनलवर दिवा लागला होता. यंत्रचालकाने तो पाहिलाही, पण 'काम चालू आहे, अलार्म येतील, घाबरू नका' हे मीच त्याला सांगून ठेवलेलं.

तीन आठवड्यांनी, जूनच्या पहिल्या वादळात, पलीकडच्या टोकाजवळ एका फेजवर वीज पडली. डिस्टन्स रिले पहिल्या झोनमध्ये लाइनचा साधारण ८० टक्के भागच ताबडतोब पाहतो. उरलेल्या टोकासाठी पलीकडून इशारा यावा लागतो, नाहीतर तो दुसऱ्या झोनची वाट पाहतो, आमच्याकडे ३५० मिलिसेकंद. पलीकडचा ब्रेकर एका फेजपुरता सुटला, ऑटो-रिक्लोजसाठी (आपोआप परत लागण्यासाठी) थांबला. आमचा उशिरा सुटला, तोही तिन्ही फेज घेऊन, आणि दुसऱ्या झोनच्या ट्रिपवर रिक्लोज नसतंच. जी लाइन एका सेकंदात परत उभी राहायची ती पुरती गेली. काही जळलं नाही. चौकशीत मी माझी वही दाखवली, तर त्या जोडासमोर माझ्याच अक्षरात 'जुना?' असं लिहिलेलं. काकाजी काही बोलले नाहीत, चहा आणून ठेवला फक्त.

तेव्हापासूनचा माझा नियम: वहीत एकही प्रश्नचिन्ह शिल्लक असेल तर एमसीबीला हात लावायचा नाही. आणि बंद करण्याआधी रिले पॅनलसमोर प्रोटेक्शनच्या माणसाला उभं करायचं, टेस्टिंगवाला येत नसेल तर दिवस बदलायचा.

आता वीजपुरवठा. कम्युनिकेशनचा डीसी ४८ व्होल्टचा, दोन व्होल्टच्या २४ सेलचा, आणि त्याचा पॉझिटिव्ह अर्थ केलेला, म्हणजे जमिनीला जोडलेला असतो. प्रोटेक्शनचा डीसी ११० किंवा २२० व्होल्टचा, आणि तो अर्थपासून सुटा. हे दोन चुकूनही एकमेकांत मिसळू देऊ नका. नव्या उपकरणाचा पुरवठादार कधीकधी निगेटिव्ह अर्थ धरून वायरिंग करून आणतो, तेव्हा जोडण्याआधी मल्टीमीटर लावून स्वतः पाहा, त्याच्या शब्दावर जाऊ नका. फ्लोटला (चार्जर बॅटरी भरलेली ठेवत असताना) प्रत्येक सेलवर साधारण २.२५ म्हणजे एकूण ५४ व्होल्ट दिसले पाहिजेत. पण चार्जर चालू असताना मेलेली बॅटरीसुद्धा ५४ दाखवते. लोड टाकून उतरवा, तासातासाला प्रत्येक सेल लिहा. उष्णतेत दर दहा अंशांना सीलबंद बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि आपल्याकडे बॅटरी रूमचा एसी हा साहेबांच्या केबिनच्या एसीनंतरच दुरुस्त होतो. त्यामुळे कागदावर दहा वर्षांची असलेली बॅटरी नागपुरात पाच-सहा वर्षांनी संशयाने पाहायची.

फायबरचा हिशेब कागदावर करा. समजा ४८ किलोमीटर अंतर आहे. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे ०.२२ डेसिबल धरले तर साडेदहा. दर चारेक किलोमीटरला जोड, म्हणजे बारा-तेरा जोड, त्यांचे मिळून एखादा डेसिबल. दोन टोकांच्या कनेक्टरचा एक. झाले साडेबारा, त्यावर तीन डेसिबल राखीव. मग ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून तोटा मोजणारं यंत्र) लावून दोन्ही टोकांकडून मोजा, कारण एकाच बाजूने पाहिलं तर काही जोड नफ्यात असल्यासारखे दिसतात आणि आपण फसतो. जवळच्या उपकेंद्रांमध्ये उलटा घोळ होतो: लांब पल्ल्याचं मॉड्यूल दहा किलोमीटरला लावलं की रिसिव्हर दिपतो. तिथे प्रकाश कमी करणारा अॅटेन्युएटर घालायचा.

दोन मार्ग पाहिजेत, हे सगळेच म्हणतात. एकाच ओपीजीडब्ल्यूतले दोन वेगळे धागे म्हणजे दोन मार्ग नव्हेत. आणि दोन वेगळ्या लाइनींवरून आलेल्या केबल यार्डातल्या गॅंट्रीवरून (लाइन बांधायच्या चौकटीवरून) उतरून एकाच ट्रेंचमधून कंट्रोल रूमला जात असतील, तर शेवटचे शंभर मीटर उंदरांच्या मर्जीवर आहेत. शहरात जमिनीखालून जाणारा तुकडा असेल तर त्याचा मार्ग स्वतः चालून पाहा. सिमेंट रस्त्यांच्या कामात जेसीबीवाल्याने किती फायबर तोडले याचा हिशेब या गावात कोणी ठेवलेला नाही.

लाइन डिफरन्शियल हे संरक्षण फायबरवर नेत असाल तर इथे जरा थांबा. दोन टोकांचे रिले एकमेकांचा करंट तुलना करतात, आणि निरोप जायला-यायला सारखाच वेळ लागतो असं गृहीत धरतात. रिंगमध्ये मार्ग बदलताना जाणारा निरोप जवळून आणि येणारा लांबून गेला, दोहोंत एक मिलिसेकंदाचा फरक पडला, तर रिलेची चूक अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे ५० हर्ट्झला ९ अंशांची. लाइनीत काहीही बिघाड नसताना लोडच्या साधारण सोळा टक्के खोटा डिफरन्शियल करंट दिसतो. म्हणून या चॅनलचे दोन्ही रस्ते एकत्रच बदलतील अशी बांधणी मागा, आणि हात लावून एक धागा काढून बघा. फक्त पाठवणारा. मग फक्त घेणारा. दोन्ही एकदम काढून घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

आरटीयू बदलताना सीटीच्या (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) सर्किटला टीटीबीवर (चाचणीच्या टर्मिनल ब्लॉकवर) आधी शॉर्ट करा, मगच ट्रान्सड्यूसर सोडवा. चालू सीटीचं सेकंडरी उघडं राहिलं तर काय होतं हे तुम्हाला शिकवलेलं आहे, ते पाहायची गरज नाही. मग प्रत्येक सिग्नल एकेक करून. अंबाझरीच्या लोड डिस्पॅचमधला (वीज नियंत्रण केंद्रातला) माणूस फोनवर, तुम्ही पॅनलसमोर. ब्रेकर उघडा दिसला? आता बंद दिसला? मधल्या अवस्थेत काय दिसतं? मेगावॅटचं चिन्ह नक्की पाहा. वीज बाहेर जात असताना आत येते असं दिसणारी लाइन मी दोनदा पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा चाचणीच्या कागदावर 'ठीक' लिहिलेलं होतं. आकडे पाठवायच्या पद्धतींपैकी जुना १०१ चा सिरियल दुवा आणि नवा १०४ चा नेटवर्कवरचा, दोन्ही काही दिवस बरोबरीने चालू द्या आणि आकडे शेजारी ठेवून पाहा. उपकरणासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, न लागणारे पोर्ट बंद करा, आणि कंत्राटदाराच्या पोराचा पेनड्राइव्ह मशीनला लागू देऊ नका, तो कितीही गोड बोलला तरी.

बरोबरीने किती दिवस चालवायचं? कंत्राटात पंधरा दिवस लिहिलेलं असतं. माझं मत विचाराल तर जुनं कपाट एक पावसाळा उभं ठेवा, डीसी चालू, कार्डं जागेवर. वरिष्ठ विचारतील, जागा अडली आहे, बिल अडलं आहे. बिलाचा मार्ग काढता येतो.

काढण्याच्या दिवशीची एकच गोष्ट जीवावरची आहे. यार्डात सीव्हीटीच्या पायथ्याशी एलएमयूची (सीव्हीटी आणि पॅनल यांच्यामधल्या जोडणीची) पेटी असते, तिच्यात अर्थ स्विच असतो. पेटीला हात लावण्याआधी तो लावा, म्हणजे वाट जमिनीला जोडा, आणि तो खरोखर बसला का हे डोळ्यांनी पाहा. २२० केव्हीच्या लाइनवर ४४०० पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून सतत १७५ मिलिअँपिअरच्या आसपास करंट जमिनीकडे जात असतो. त्याची वाट तुटली तर तो तुमच्या हातातून वाट काढेल. माणसाला मारायला त्याच्या निम्माही पुरतो. सीव्हीटी मीटरिंगसाठी ठेवायची असेल तर तिचं एचएफ टर्मिनल (लहर जिथून आत-बाहेर जाते ते) पट्टीने कायमचं अर्थ करून टाका, आणि ही पट्टी परमिट घेऊन, लाइन बंद आणि अर्थ असतानाच जोडायची. चालू लाइनवर 'दोन मिनिटांचं काम' म्हणणाऱ्याला यार्डाबाहेर काढा, तो कितीही सीनियर असो.

वेव्ह ट्रॅप उतरवायला वेगळा आउटेज लागतो, म्हणून तो लाइनच्या वार्षिक देखभालीसोबत घ्या. त्याच्या जागी लाइनचा पूर्ण करंट पेलेल असा कंडक्टर आणि योग्य क्लॅम्प आधीच आणून ठेवा, नाहीतर क्रेन उभी आणि क्लॅम्प भांडारात, असा दिवस जातो. ट्रॅपच्या पोटात कावळ्यांची घरटी असतात, तारांच्या तुकड्यांनी विणलेली. डिसेंबरमध्ये ती रिकामी असतात.

चांगली कार्डं मोडीत देऊ नका. ज्या लाइनींवर अजून तेच मॉडेल चालू आहे, तिथे ती सोन्याच्या भावाची आहेत. प्रत्येकावर कुठून काढलं आणि काढताना चालू होतं का, हे लिहून ठेवा. उरलेलं ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे, बॅटऱ्यांचा हिशेब वेगळा. वजनपावती फाइलला.

आणि नवं ड्रॉइंग त्याच संध्याकाळी पॅनलच्या दाराच्या खिशात ठेवा. तारीख, सही, आणि एमडीएफच्या शेवटच्या जोडीपर्यंत सगळं. माझ्या वहीतलं ते 'जुना?' मी अजून खोडलेलं नाही. नवीन पोरांना वही दाखवते तेव्हा पान तिथेच उघडतं.