पेशीच्या आतील भाग स्वतःच्या डोळ्यांनी कसे पाहावेत आणि त्यांचे काम कसे ओळखावे

पाठ्यपुस्तकातील पेशीच्या आकृतीत केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी संकुल, आंतर्द्रव्यजालिका असे सारे भाग ठळक रेषांनी आणि वेगवेगळ्या रंगांनी दाखवलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तशी पेशी कधीच दिसत नाही, कारण ती आकृती अनेक प्रकारच्या पेशींवरील निरीक्षणे एकत्र करून काढलेली असते. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशीत हरितलवके नसतात, गालाच्या पेशीला भित्तिका नसते आणि माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत तर केंद्रकही नसते. त्यामुळे नावे पाठ करण्याआधी कोणता भाग कोणत्या पेशीत स्पष्ट दिसतो हे ठरवून तोच पाहावा आणि शक्य असेल तिथे त्याला डोळ्यांसमोर काम करायला लावावे. पुढील क्रम त्याच हेतूने दिला आहे.

साहित्याची जुळवाजुळव

शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. १० पटींचे नेत्रभिंग आणि ४, १० व ४० पटींची वस्तुभिंगे असली की एकूण ४०, १०० आणि ४०० पट वर्धन मिळते. ‘२००० पट’ असे वेष्टणावर छापलेले स्वस्त सूक्ष्मदर्शक घेण्याच्या मोहात पडू नये. प्रकाशाच्या साहाय्याने साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत, त्यामुळे त्यापुढे चित्र मोठे होते, पण त्यात नवे काही दिसत नाही. सूक्ष्मदर्शक उपलब्धच नसेल, तर स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘फोल्डस्कोप’ या कागदी सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे सुमारे १४० पट वर्धनावर, पहिले तीन प्रयोग चांगले जमतात.

याशिवाय काचपट्ट्या, कव्हर स्लिप, ड्रॉपर, टाचणी, चिमटा आणि टिपकागद लागेल. रंजकद्रव्य म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारे पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून वापरता येते. मेथिलिन ब्लू हे निळे द्रावण शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते. दोन्हींचे डाग कपड्यांवरून सहजासहजी जात नाहीत.

पायरी १ : कांद्याच्या पापुद्र्यात भित्तिका आणि केंद्रक पाहणे

कांदा उभा चिरून त्याची एक जाड पाकळी घ्यावी आणि ती बाहेरच्या बाजूला वाकवून मोडावी. मोडलेल्या जागी आतल्या, म्हणजे खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा लोंबताना दिसतो. तो चिमट्याने सोलून त्याचा नखाएवढा तुकडा काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात घडी न पडू देता पसरावा. कव्हर स्लिपची एक कड पाण्याला टेकवून ती टाचणीच्या आधाराने सावकाश खाली सोडावी. ती एकदम टाकली, तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्या जाड कडेचा वाटोळा बुडबुडा दिसताच ‘पेशी सापडली’ म्हणून आनंद होणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात.

प्रथम रंग न घालता कमी वर्धनावर पाहावे. लांबट पेशी एकमेकींना खेटून रांगेत बसलेल्या दिसतात. डोळ्यांत भरते ती पेशीभित्तिका. ती मुख्यतः सेल्युलोजची असून तिच्यामुळे पेशीला आकार आणि ताठपणा मिळतो. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या कापात जे पाहिले, ते या भित्तिकांचेच रिकामे सांगाडे होते. आत जिवंत असे काही उरलेले नव्हते. त्यानंतर कव्हर स्लिपच्या एका कडेला पातळ आयोडीनचा थेंब सोडून समोरच्या कडेला टिपकागद लावावा, म्हणजे द्रावण आत ओढले जाते. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक पेशीत एक पिवळसर तपकिरी ठिपका उठून दिसू लागतो. हे केंद्रक होय. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पेशींचा अभ्यास करताना त्याला नाव दिले.

इथे थोडा वेळ थांबावे. बहुतेक पेशींत केंद्रक कडेला भित्तिकेशी चिकटलेले दिसते, तर काहींत ते मधोमध असल्यासारखे वाटते. वास्तविक पेशीचा मधला सारा भाग पाण्याने भरलेल्या मोठ्या पिशवीने, म्हणजे रिक्तिकेने, व्यापलेला असतो आणि केंद्रकाला भित्तिकेलगतच्या पेशीद्रव्याच्या, म्हणजे पेशीतील दाटसर द्रवाच्या, पातळ थरातच जागा मिळते. मधोमध दिसणारे केंद्रक वरच्या किंवा खालच्या भित्तिकेला टेकलेले असते आणि आपण ते समोरून पाहत असतो. ४०० पट वर्धनावर बारीक स्क्रू हळूहळू फिरवला, की आधी एका पेशीतील आणि मग दुसऱ्या पेशीतील केंद्रक स्पष्ट होते, आणि पेशी सपाट नसून तिला खोली आहे हे कळून येते. त्याच वर्धनावर केंद्रकात एक-दोन अधिक गडद ठिपके दिसतात, ती केंद्रकी. प्रथिने बांधणाऱ्या रायबोझोमचे घटक तिथे तयार होतात. केंद्रकात डीएनएच्या रूपाने आनुवंशिक माहिती साठवलेली असते. माणसाच्या एका पेशीतील डीएनए सरळ केला, तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते.

पेशीचे आकारमानही मोजून ठेवावे. सर्वांत कमी शक्तीच्या वस्तुभिंगाखाली पारदर्शक प्लास्टिकची मोजपट्टी ठेवून दृष्टिक्षेत्राचा व्यास किती मिलिमीटर आहे ते पाहावे. ४० पटींना तो ४.५ मिलिमीटर असेल, तर १०० पटींना तो १.८ मिलिमीटर होतो. त्या व्यासात कांद्याच्या पाच पेशी लांबीने बसल्या, तर एका पेशीची लांबी ०.३६ मिलिमीटर होते.

पायरी २ : गालाच्या पेशीत भित्तिकेचा अभाव पाहणे

तोंड पाण्याने खळखळून धुवावे आणि कापसाच्या स्वच्छ काडीने गालाच्या आतली बाजू हलकेच घासावी. प्रत्येकाने स्वतःच्याच गालाचा नमुना घ्यावा आणि काडी पुन्हा वापरू नये. काडी काचपट्टीवर फिरवून त्यावर अगदी पातळ मेथिलिन ब्लूचा एक थेंब टाकावा आणि कव्हर स्लिप लावावी.

या पेशी वेड्यावाकड्या कडांच्या, पसरट आणि कधी घडी पडलेल्या दिसतात. भित्तिका नसल्यामुळे त्यांना ठराविक चौकट नाही. पेशीला बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवते ते केवळ प्रद्रव्यपटल हे अतिशय पातळ आवरण, आणि त्याची जाडी सात-आठ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) म्हणजे आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरची असते. पेशीची जी कड दिसते, ती पटलाची रेषा नसून पेशीद्रव्य जिथे संपते ती हद्द होय.

४०० पटींना पेशीवर आणि तिच्या आसपास बारीक निळे ठिपके विखुरलेले दिसतील. ती कचऱ्याची कुसळे समजून दुर्लक्षू नयेत, कारण त्यांपैकी पुष्कळसे तोंडातील जीवाणू असतात. गालाची पेशी ५० ते ६० मायक्रोमीटर रुंद, तर जीवाणू जेमतेम एक मायक्रोमीटर असतो, आणि त्याच्यात पटलाने वेढलेले केंद्रक नसते. हे आकारमान लक्षात ठेवावे, कारण तंतुकणिकांकडे वळताना ते पुन्हा लागणार आहे.

पायरी ३ : ऱ्हिओच्या पानात रिक्तिका आणि पटल काम करताना पाहणे

मला विचाराल तर या संपूर्ण क्रमात एकच प्रयोग करायचा असेल, तर हा करावा. ऱ्हिओ म्हणजे बागांच्या कडेने लावतात ते, वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या लांब पानांचे झाड. त्याच्या चिकामुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून नंतर हात धुवावेत. पान तिरपे फाडले की खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सुटतो. तो पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिल्यास बहुतेक पेशी जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेल्या दिसतात आणि अधूनमधून हिरव्या रक्षक पेशींची जोडी असलेली पर्णरंध्रे आढळतात. जांभळा रंग रिक्तिकेतील द्रवात विरघळलेला असतो, त्यामुळे वेगळे रंजकद्रव्य न घालता रिक्तिका केवढी मोठी असते ते आयते समजते.

आता पाव कप पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून त्याचा थेंब कव्हर स्लिपच्या कडेने, आधीप्रमाणेच टिपकागदाने ओढून, आत घ्यावा आणि नजर एकाच पेशीवर ठेवावी. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटू लागतो, आक्रसतो आणि अखेर भित्तिकेच्या चौकटीत एक गडद गोळा उरतो. याला रससंकोच म्हणतात. बाहेर मीठ जास्त असल्यामुळे आतले पाणी परासरणाने, म्हणजे पटलातून कमी मीठ असलेल्या बाजूकडून जास्त मीठ असलेल्या बाजूकडे झिरपून, बाहेर गेले, हे स्पष्टीकरण सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या गोळ्याभोवती मोकळी झालेली जागा अधिक सांगून जाते. तिथे मिठाचे पाणी भरलेले असते. याचा अर्थ भित्तिकेने मिठाला अडवले नाही आणि पटलाने मात्र अडवले. पाण्याला वाट देणारे आणि मिठाला व जांभळ्या रंगाला रोखणारे हे निवडक्षम पटल डोळ्यांना दिसत नसले, तरी त्याचे काम दिसते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर पाणी सुटते, त्यामागे हीच क्रिया असते.

त्यानंतर मीठपाणी टिपून घेऊन साधे पाणी आत सोडावे. फार उशीर झालेला नसेल, तर जांभळा भाग पुन्हा फुगून भित्तिकेला टेकतो. मग पानाचा दुसरा तुकडा मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून तोच प्रयोग करावा. रंग पाण्यात पसरतो आणि मिठाचा काहीही परिणाम होत नाही, कारण उष्णतेने पटले मोडलेली असतात. भित्तिका मात्र जशीच्या तशी उभी असते.

पायरी ४ : हायड्रिलात हरितलवके आणि वाहते पेशीद्रव्य पाहणे

हायड्रिला ही तळ्यांत आणि मत्स्यपेट्यांत वाढणारी पाणवनस्पती आहे. तिचे पान पेशींच्या दोनच थरांचे असल्यामुळे शेंड्याजवळचे कोवळे पान न कापता काचपट्टीवर ठेवता येते. प्रत्येक पेशीत सुमारे पाच मायक्रोमीटरची हिरवी गोलसर हरितलवके दिसतात. प्रकाशाच्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून शर्करा तयार करणे हे त्यांचे काम. पान थोडा वेळ दिव्याच्या उजेडात ठेवून मधल्या शिरेजवळ ४०० पटींना पाहिले, तर हरितलवके भित्तिकेच्या कडेकडेने एकामागून एक सरकताना दिसतात. ती स्वतः पोहत नाहीत. प्रथिनांच्या बारीक तंतूंवरून सरकणाऱ्या दुसऱ्या प्रथिनांमुळे पेशीद्रव्य वाहते आणि त्याबरोबर ती वाहून नेली जातात. हालचाल दिसली नाही, तर पाणी किंचित कोमट करावे आणि धीर धरावा.

लवकांचे इतर प्रकार पाहायला वेळ लागत नाही. कापलेला बटाटा काचपट्टीवर घासून अतिशय पातळ आयोडीन टाकले, की अवर्णलवकांत साठलेले पिष्टाचे लंबगोल कण निळे होतात. पिकलेल्या टोमॅटोच्या गरात तांबडी वर्णलवके असतात, आणि फळ हिरवे असताना हरितलवकेच पिकताना त्यांत रूपांतरित होतात.

पायरी ५ : जे दिसत नाही ते कामावरून समजून घेणे

तंतुकणिका साधारण जीवाणूएवढ्याच असतात, पण पारदर्शक असल्याने विशेष रंजकाशिवाय ओळखू येत नाहीत. अन्नातील ऊर्जा एटीपी या पेशीला थेट वापरता येणाऱ्या रेणूच्या रूपात उपलब्ध करून देणे हे त्यांचे काम, म्हणून सतत राबणाऱ्या हृदयाच्या स्नायूत त्या दाटीने असतात. त्यांचे आकारमान जीवाणूंशी जुळते हा योगायोग नव्हे. तंतुकणिका आणि हरितलवके हे एके काळी स्वतंत्र जगणाऱ्या जीवाणूंचे वंशज आहेत, अशी मांडणी लिन मार्गुलिस यांनी १९६७ साली केली आणि ती आता सर्वमान्य आहे. माणसाच्या तंतुकणिकांत आजही ३७ जनुकांचा स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईकडून येतो.

उरलेल्या अंगकांची, म्हणजे पेशीतील विशिष्ट काम करणाऱ्या भागांची, नावे सुटी सुटी पाठ करण्याऐवजी एका प्रथिनाचा प्रवास लक्षात ठेवावा. गालाच्या नमुन्याबरोबर काचपट्टीवर आलेल्या लाळेत पिष्ट पचवणारे अमायलेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे प्रथिन, असते. लाळग्रंथीच्या पेशीत त्याच्या जनुकाची प्रत केंद्रकातून बाहेर येते, आंतर्द्रव्यजालिकेवर बसलेले रायबोझोम त्या प्रतीनुसार प्रथिन बांधतात, जालिकेत त्याला योग्य घडी मिळते, गॉल्गी संकुलात त्यावर प्रक्रिया होऊन ते पटलाच्या लहान पिशव्यांत भरले जाते आणि त्या पिशव्या प्रद्रव्यपटलाला मिळून ते बाहेर सोडतात. हा मार्ग जॉर्ज पॅलेड यांनी स्वादुपिंडाच्या पेशींत उलगडला. अल्बेर क्लोद आणि लयकारिकांचा शोध लावणारे क्रिस्तियान द ड्यूव्ह यांच्यासह पॅलेड यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लयकारिका हे पेशीतील जीर्ण झालेले भाग आणि आत आलेले कण पचवणारे अंगक होय.

नोंद आणि आवराआवर

आकृती पेन्सिलने काढावी, तिच्याशेजारी वर्धन आणि रंजकाचे नाव लिहावे, आणि जे दिसले तेवढेच काढावे. कांद्याच्या पेशीत पुस्तकातून आठवलेले गॉल्गी संकुल दाखवू नये. गालाच्या नमुन्याची काचपट्टी पातळ ब्लीचिंग द्रावणात बुडवून ठेवून मग धुवावी. हायड्रिलाचा उरलेला पाला दुसऱ्या तळ्यात किंवा नाल्यात टाकू नये, कारण लहानशा तुकड्यापासूनही तो वाढतो आणि पाहता पाहता सारे पाणी व्यापतो. तो उन्हात पूर्ण वाळवून ओल्या कचऱ्यात द्यावा.