आधी जागा धरा, मग कोर्स: पुण्यात सर्व वयांच्या लोकांसोबत विज्ञान करायचं असेल तर

विज्ञानप्रसारात किंवा निसर्गशिक्षणात येऊ पाहणारी मुलंमुली बहुतेक एकच विचारतात, कुठला कोर्स करू? माझं सांगणं असतं की कोर्स नंतर ठरवा, आधी एक जागा धरा. वेताळ टेकडी, तळजाई, कवडीचा नदीकाठ, नाहीतर घराजवळचा एखादा ओढा. तिथे बाराही महिने जा. पळस कधी निष्पर्ण होतो, पहिल्या पावसानंतर कुठले किडे बाहेर येतात, हिवाळ्यात कवडीला चक्रवाक कधी उतरतात, हे स्वतः पाहून वहीत लिहा. लोकांना काय दाखवायचं ते त्या वहीतूनच सुचतं.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि त्याचा उपयोग झालाच. ओळख पक्की करणं, नोंद नीट ठेवणं ही शिस्त तिथली. पण दुसरीतली नात आणि सत्तरीची आजी एकाच घोळक्यात उभ्या असताना काय करायचं, हे लोकांत वावरूनच कळलं. असे मिश्र गट अवघड म्हणून अनेक जण फक्त शाळांचेच कार्यक्रम घेतात. मला मात्र या कामाचा सगळा जीव तिथेच आहे असं वाटतं.

शून्य सावलीचा दिवस घ्या, म्हणजे भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते तो दिवस. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो: मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. जुलैत आभाळ भरलेलं असतं, म्हणजे खरा भरवसा मे महिन्याचा. तेव्हा शाळांना सुट्टी. म्हणून हा कार्यक्रम सोसायटीच्या मोकळ्या जागेत घ्यायचा. सुट्टीला आलेली नातवंडं, आजीआजोबा, वॉचमनकाका सगळे आपोआप जमतात.

रोज बाराच्या ठोक्याला सूर्य डोक्यावर असतो, असं जवळजवळ प्रत्येक जण ठामपणे सांगतो. ते लगेच खोडून काढू नका. एक काठी रोवा, ती सरळ आहे का हे पाहायला ओळंबा लावा आणि पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर मुलांना खडूची खूण करू द्या. बारा वाजतात, सावली आहेच. मग कुजबुज सुरू होते. सावली पूर्ण नाहीशी होते ती १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास. आता कारण सांगायची वेळ. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाला जुळवलेली, पुणे जवळपास ७४ वर. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर साधारण ३५ मिनिटांचा उशीर होतो. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या किंचित पुढे असतो, म्हणून त्यातली तीन-चार मिनिटं कमी होतात. हे गणित मोठ्यांसाठी. लहानांना खडूच्या खुणा पुरतात. आणि ओळंबा धरायला कोणी बांधकामावर काम केलेलं असेल, तर त्यालाच पुढे बोलवा. साधन त्याच्या रोजच्या हातातलं असतं.

आकाश दाखवणार असाल तर पौर्णिमा टाळा. शुद्ध अष्टमीच्या आसपास चंद्रावरची विवरं उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्यांमुळे उठून दिसतात. पौर्णिमेला सगळं सपाट वाटतं. शहराच्या उजेडातही हे गच्चीवरून जमतं.

शिकायला पुण्यात जागा भरपूर आहेत. १९४४ साली सुरू झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांची. डॉ. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची अरविंद गुप्तांची रीत तिथेच बहरली. काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब यांतून तत्त्व हातात देता येतं, ही या कामातली मोलाची देणगी आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला जा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तर बघाच, पण गावागावांतून आलेल्या लोकांना तिथले संशोधक कसं समजावून सांगतात तेही कान देऊन ऐका.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते. सुरुवातीची वर्षं फक्त यावर घर चालणं कठीण. शिकवण्या, लेखन, भाषांतर असं काहीतरी सोबत ठेवा. मानधन सांगताना साहित्य आणि प्रवास धरूनच सांगा, थोडी रक्कम आगाऊ घ्या, कारण बिलं उशिरा निघतात. फुकट काम करायचं तर ते जिथे पैसे नाहीतच अशा वस्तीत करा.

पावसाळ्यातल्या टेकडीफेरीला घरकाम करणाऱ्या एखाद्या मावशींना जरूर बोलवा. टाकळा, कुर्डू कोवळा असताना कसा खुडायचा, भाजी कशी करायची हे त्यांना येतं. त्याच टाकळ्यावर छोटी पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, हे तुम्ही सांगा. पान उलटून अंडी शोधायला मुलं धावतील. मात्र फेरीचा दिवस म्हणजे मावशींच्या कामाचा खाडा. तज्ज्ञाला देता तेवढंच मानधन त्यांना द्या आणि कार्यक्रमाच्या पत्रकावर त्यांचं नाव, त्यांना विचारून, पाहुण्यांच्याच ओळीत छापा.