शार्डोने ओळखायची कशी? दोन ग्लास शेजारी ठेवा

"शार्डोने नको, फार लोण्यासारखी लागते" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, कुठली प्यायलात? कारण पांढऱ्या वाईनचं हे द्राक्ष मुळात शांत स्वभावाचं आहे, ते जिथं वाढलं तिथली हवा आणि बनवणाऱ्याचा हात हेच चवीत जास्त उतरतं.

तर दोघातिघांनी मिळून दोन बाटल्या आणा, एक फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या शाब्लीची आणि एक कॅलिफोर्नियाची, ओक लाकडाच्या बॅरलमधली. शाब्ली 8-10 डिग्रीला चालते, पण दुसरी वीसेक मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढा, बर्फासारखी गार असली तर वासच येत नाही.

आधी शाब्ली. लिंबू, हिरवं सफरचंद आणि पाऊस पडून गेल्यावर दगडाला येतो तसा वास. घोट तोंडात घोळवा, गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं बघा, तोच तिचा जीव! तिकडं इतकी थंडी की एप्रिलमधल्या हिमात कोवळे कोंब जळू नयेत म्हणून रात्री वेलींच्या ओळींत मेणाचे मोठे दिवे पेटवतात, अशा हवेत द्राक्षाचा आंबटपणा टिकतो. तिथल्या चुनखडीत कालवांच्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, आणि कोकणातली ताजी कालवं मिळाली तर नक्की हिच्यासोबत खा, याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

आता दुसरा ग्लास. अननस, पिकलेलं पीच, व्हॅनिला आणि लोणी. व्हॅनिला येते ओकमधून. लोण्याचं म्हणाल तर बॅक्टेरिया सफरचंदातल्यासारख्या तीक्ष्ण मॅलिक ॲसिडचं दह्यातलं मऊ लॅक्टिक ॲसिड करतात, त्यात डायॲसिटाइल तयार होतं, तो वास त्याचा. बटर गार्लिक कोळंबीसोबत छान लागते.

या दोन्हींच्या मधली हवी तर बर्गंडीचीच मर्सो घ्या, ओक असतो पण आंबटपणाही ताठ उभा असतो, माझी सगळ्यात आवडती, फक्त महाग आहे. 1976 साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून चव घेतली तेव्हा अशा बर्गंडीच्या वाईन्सना मागं टाकून कॅलिफोर्नियाच्या शातो माँटेलेनाची 1973 ची शार्डोने पहिली आली होती. आपल्याकडं अकलूजची फ्रातेल्ली शार्डोने बनवते, तिसऱ्या ग्लासात ती ओता.

आणि दुकानात एक लक्षात ठेवा, बर्गंडीच्या लेबलवर बहुतेकदा शार्डोने लिहिलेलंच नसतं, गावाचं नाव असतं. पांढऱ्या वाईनवर शाब्ली, मर्सो, प्युलिनी-मोंत्राशे दिसलं की आत शार्डोनेच आहे.