नॅशनल पार्कसाठी केबिन निवडताना या चुका टाळा

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की अमेरिकेतल्या मराठी घरांत यलोस्टोन, योसेमिटी नाहीतर ग्रँड कॅन्यनचा बेत शिजतोच. हॉटेलच्या दोन वेगळ्या खोल्यांपेक्षा झाडीतली लाकडी केबिन बरी, मुलं खूश होतील, सगळे एकत्र राहू, असं वाटतं. त्यात काही चूक नाही. आम्हीही तेच केलं. फक्त बुकिंग करताना मी फोटो बघत बसले आणि त्याखालची बारीक अक्षरं वाचायची राहिली. केबिनला स्वतःचं बाथरूम नव्हतं. पहिल्या रात्री सासूबाईंना हाताला धरून, टॉर्च घेऊन, कडाक्याच्या थंडीत मी तीनदा सामायिक स्वच्छतागृहापर्यंत गेले. सासूबाई तक्रारीचा एक शब्दही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणंच बंद केलं. ते मला चौथ्या दिवशी कळलं, आणि अजूनही आठवलं की जीव कसनुसा होतो.

म्हणून आता केबिन बघताना मी घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाची रात्र आधी डोळ्यांसमोर आणते. मुलांचा दिवस कसाही मजेत जातो.

‘केबिन’ या एका शब्दावर विसंबणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. योसेमिटीतल्या करी व्हिलेज या एका मुक्कामाच्या जागेतच तीन प्रकार आहेत: कॅनव्हासच्या भिंतींची टेंट केबिन, बाथरूम नसलेली लाकडी केबिन आणि बाथरूम असलेली लाकडी केबिन. टेंट केबिन्सपैकी काहींत हीटर असतो, काहींत नसतो. यलोस्टोनच्या रूझवेल्ट लॉजमध्ये ‘रफरायडर’ नावाच्या केबिनमध्ये ऊब येते ती लाकडं जाळायच्या स्टोव्हमधून, आणि अंघोळीला बाहेर जावं लागतं. तिथल्याच ‘फ्रंटियर’ केबिनला मात्र स्वतःचं बाथरूम आहे. ग्रँड टिटनमधल्या कोल्टर बेच्या टेंट केबिन्समध्ये तर अंथरूण-पांघरूण आपण न्यायचं किंवा तिथे भाड्याने घ्यायचं असतं. फोटोत हे सगळं सारखंच रम्य दिसतं.

तेव्हा नाव पूर्ण वाचा. ‘प्रायव्हेट बाथ’ हे शब्द स्पष्ट दिसत नसतील, तर ते नाही असंच धरून चाला. पलंग किती, त्यातले एकावर एक असलेले (बंक) किती, दाराशी पायऱ्या किती, हीटर कशावर चालतो, हे फोन करून विचारा. झोपताना श्वासाचं मशीन लावणारं कुणी असेल तर विजेच्या प्लगचंही विचारा. टेंट केबिनमध्ये प्लग असेलच असं समजू नका.

नकाशावरचं अंतर खरं मानणं

यलोस्टोन सुमारे ९,००० चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. आतला इंग्रजी आठच्या आकाराचा ग्रँड लूप रस्ता १४२ मैलांचा, आणि वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल. त्यात बायसनचा कळप रस्त्यावर आला की गाड्या अर्धा-पाऊण तास जागच्या हलत नाहीत. पार्कच्या पूर्वेकडचं कोडी हे गाव छान आहे, पण तिथून पूर्वेचं प्रवेशद्वारच ५० मैलांहून लांब, आणि ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा प्रसिद्ध फवारा त्याच्याही कितीतरी पुढे. वेस्ट यलोस्टोनहून ओल्ड फेथफुल साधारण ३० मैल पडतं. दोन्ही गावं ‘यलोस्टोनजवळ’ म्हणूनच विकली जातात.

ग्रँड कॅन्यनची फसगत तर आणखी मोठी. दक्षिण कडा आणि उत्तर कडा एकमेकींपासून हवेतून १० मैलांवर, पण गाडीने २०० मैलांहून जास्त. एकीकडे केबिन घेऊन दुसरीकडे सकाळी चक्कर मारू, हे होत नाही. जुन्या याद्यांमध्ये उत्तर कड्यावरच्या ग्रँड कॅन्यन लॉजचं नाव अजून दिसेल. ते लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळालं. त्यामुळे कुणाची चार वर्षांपूर्वीची शिफारस कितीही मनापासून केलेली असली, तरी पार्कच्या अधिकृत पानावरची सूचना आधी वाचावी.

ग्रेट स्मोकी माउंटन्सचं प्रकरण वेगळं आहे. पार्कच्या आत राहण्याची एकच जागा, लकाँट लॉज. तिथे चालत चढूनच जाता येतं आणि वीज नाही. ‘स्मोकीतली केबिन’ म्हणून जे दिसतं ते बहुतेक पार्कबाहेरच्या गॅटलिनबर्ग किंवा पिजन फोर्ज या गावांच्या डोंगरउतारांवरचं खासगी घर असतं. प्रशस्त, स्वयंपाकघरासकट, आजी-आजोबांना खरंच सोयीचं. पण शेवटचा अर्धा मैल खडीचा आणि उभ्या चढाचा असू शकतो. मालकाला थेट विचारा: साधी गाडी वर चढते का, रात्री उतरवायला भीती वाटेल का?

मोठ्या पार्कात सगळ्या रात्री एकाच केबिनमध्ये काढण्याचा हट्टही सोडावा. दोन रात्री एका टोकाला, दोन दुसऱ्या टोकाला. सामान पुन्हा भरायचा कंटाळा येतो, पण रोजचे चार तास गाडीत जात नाहीत.

कुकर सोबत घेऊन निघणं

पार्कच्या आतल्या बहुतेक केबिन्सना स्वयंपाकघर नसतं. योसेमिटीच्या टेंट केबिन्समध्ये तर स्वयंपाकाला परवानगीच नाही. तिथे रांधायचंच असेल तर हाउसकीपिंग कॅम्प हा पर्याय आहे: तीन बाजूंना काँक्रीटच्या भिंती, वर कॅनव्हास. त्याला घर म्हणता येणार नाही, हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा.

अस्वलांमुळे खाण्याच्या वस्तू लोखंडी पेटीत ठेवायचा नियम असतो, आणि तो नीट पाळावा. यात फक्त डबे येत नाहीत. टूथपेस्ट, साबण, बाळाचे वाइप्स, म्हणजे वास येणारं सगळंच. आजीच्या पर्समधली लाडवांची पुडी हमखास विसरली जाते. योसेमिटीत रात्री गाडीतही खाणं ठेवता येत नाही.

उंदरांचाही विचार हवा. २०१२ साली योसेमिटीत राहून गेलेल्या १० जणांना हँटाव्हायरस झाला आणि त्यातले ३ दगावले. बहुतेक जण करी व्हिलेजच्या टेंट केबिन्समध्ये राहिले होते. हा आजार उंदरांच्या लेंड्या-मुताची धूळ श्वासात गेल्याने होतो. घाबरून बेत रद्द करायची गरज नाही. पण कुठल्याही केबिनमध्ये लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नका, सामान आत नेऊ नका, दारं उघडी टाकून कर्मचाऱ्यांना बोलवा आणि दुसरी केबिन मागा.

उंची विसरणं

यलोस्टोनचा बराचसा भाग २,४०० मीटरच्या आसपास आहे. जूनमध्येही तिथे बर्फ पडू शकतं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून जावं, आणि पहिल्या दिवशी काही चढू नये.

उशीर, आणि उशीर झालाच तर

यलोस्टोनच्या आतलं बुकिंग साधारण १३ महिने आधी उघडतं, योसेमिटीचं ३६६ दिवस आधी. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी असलेल्या फँटम रँच या मुक्कामाच्या जागेसाठी तर १५ महिने आधी लॉटरी असते. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर त्या पार्कच्या राहण्याच्या पानावरूनच बुकिंगपर्यंत पोचा. अधिकृत वाटणारी, वर पैसे लावणारी पानं बरीच आहेत. जागा भरल्या असतील तर रोज सकाळी पुन्हा बघा. लोक रद्द करतात, आणि एकेक रात्र मोकळी होत जाते.

चुकीची केबिन घेऊन बसला असाल तर पोचण्याआधीच फोन करा. त्याच आवारात बाथरूमवाली एक खोली ज्येष्ठांसाठी घेता आली तर पैसे बघू नका. तेही जमलं नाही तर स्वच्छतागृहाला लागून असलेली केबिन मागून घ्या. डोक्याला बांधायचे दिवे, पटकन पायात सरकवता येतील असे बंद बूट आणि दाराजवळच्या खुंटीवर एक जाड कोट, एवढं पहिल्याच संध्याकाळी लावून ठेवा. आणि झोपायच्या आधी आजींना सांगा, रात्री कितीही वेळा उठवलं तरी चालेल, पाणी मात्र प्या.