शरीरप्रतिमा मोजताना या चुका टाळा

शरीरप्रतिमा म्हणजे स्वतःच्या शरीराचं मनातलं चित्र. त्यात ‘मी केवढा दिसतो’ हा अंदाज झाला आणि ‘त्याबद्दल मला काय वाटतं’ ही भावना. संशोधनातला सगळ्यात मोठा घोळ या दोन्हींची सरमिसळ केल्याने होतो. आपला बांधा अचूक ओळखूनही माणूस नाराज असू शकतो, आणि अंदाज साफ चुकूनही समाधानी. १९८७ ची ३४ प्रश्नांची ‘बॉडी शेप क्वेश्चनेअर’ ही प्रश्नावली मागच्या काही आठवड्यांतली शरीराच्या आकाराबद्दलची चिंता टिपते. तिच्या गुणांवरून ‘यांना स्वतःचा आकार नीट कळत नाही’ असं लिहिता येणार नाही.

आकृत्यांच्या पट्टीवरही हेच घडतं. स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या पट्टीत बारीक ते जाड अशा ९ आकृत्या आहेत, त्यांतून माणूस आपली आकृती निवडतो. ‘सध्याची’ आणि ‘हवी असलेली’ आकृती यांतलं अंतर म्हणजे असमाधान. अंदाज किती चुकला हे पाहायचं, तर प्रत्यक्ष मोजमाप हवंच.

आता या दोन आकृत्यांची वजाबाकी. गटात निम्म्यांना दोन आकृत्या बारीक व्हायचंय, निम्म्यांना दोन आकृत्या भरदार. सरासरी येते शून्य, आणि अहवालात छापलं जातं की सगळे समाधानी आहेत! पुरुषांच्या गटात ही फसगत विशेष संभवते. असं उत्तर आलं तर आधी चिन्हासकट विभागणी पाहा, मग चिन्ह काढून अंतराची सरासरी घ्या. पिळदार शरीराची ओढ या पट्टीत दिसतच नाही. त्यासाठी मॅक्क्रिअरी आणि सॅस यांची २००० सालची १५ प्रश्नांची वेगळी मापनी आहे.

आकृत्या एका कागदावर ओळीने छापू नका. पुन्हा विचारलं की लोक मागची जागा आठवून तिथेच बोट ठेवतात, आणि तुम्ही त्याला विश्वसनीयता, म्हणजे मापनाचा भरवसा, समजता. सुटी कार्डं पिसून द्या.

बारीक माणसं स्वतःला थोडं जास्त आणि जाड माणसं थोडं कमी आकाराचं सांगतात, असा कल दिसला तर ‘जाड माणसं सत्य नाकारतात’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. कुठल्याही आकाराचा अंदाज सरासरीकडे ओढला जातो. जाड माणसांवर आधीच पुरेसे शिक्के बसलेले असतात. त्यात आपल्या आकडेवारीची भर नको.

दोन मापन्यांचा संबंध उलटा आला तर गुणांची दिशा तपासा. ‘बॉडी ॲप्रिसिएशन स्केल-२’ मध्ये जास्त गुण म्हणजे स्वतःच्या शरीराबद्दल जास्त आदर. वरच्या ३४ प्रश्नांत जास्त गुण म्हणजे जास्त चिंता.

आणि वजनकाटा शेवटी. आधी वजन केलं की तो आकडा मनात घोळत राहतो आणि पुढची सगळी उत्तरं त्याच्या सावलीत येतात. वजन आडोशाला घ्या, आकडा मोठ्याने वाचू नका, आणि ज्याला नको असेल त्याला तो रकाना कोरा सोडू द्या.