कोवळं ऊन, व्हिटॅमिन डी आणि पोटाचा घेर

पहाटे नेहरू पार्कात फेऱ्या मारल्या की चरबी उतरते आणि कोवळ्या उन्हातून व्हिटॅमिन डीही मिळतं, असं इंदूरकर धरून चालतात. चरबीचं खरं, परतताना पोहे-जिलेबी झाली नाही तर. अर्ध्या-पाऊण तासाच्या चालण्याने खर्च होतं त्याहून जास्त त्या प्लेटमध्ये असतं. व्हिटॅमिन डीचं मात्र खरं नाही. ते त्वचेत तयार होतं अतिनील-बी किरणांनी, आणि सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातच अडतात.

वेळ घड्याळापेक्षा सावलीवरून ठरवा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. मे महिन्यात सकाळी सव्वानऊच्या सुमारासच तशी होते. तेव्हा दहाच्या आत उरकावं, पुढे उष्माघाताची भीती. डिसेंबरअखेर इथला सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या जरा आधी, आणि तेव्हाही सावली किंचित लांबच राहते. म्हणून थंडीत बारा ते एक ही वेळ धरा आणि जरा जास्त बसा. हात, पाय, जमल्यास पाठ उघडी. आठवड्यातून तीन-चारदा, पंधरा ते तीस मिनिटं. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. त्वचा लाल होण्याआधी किंवा चुरचुरण्याआधी उठा. गॅलरीच्या बंद काचेआड बसून काही मिळत नाही, काच हे किरण अडवते.

आता चरबीचा संबंध. लठ्ठ माणसांच्या रक्तात व्हिटॅमिन डी कमी आढळतं, म्हणून ‘डी घेतलं की वजन उतरेल’ असं लोक समजतात. गणित उलटं आहे. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. चरबी जास्त असली की ते तिच्यात पसरतं आणि रक्तात कमी उरतं. तेवढ्याच उन्हात लठ्ठ माणसाची पातळी कमी वाढते, गोळ्यांचा डोसही दुप्पट-तिप्पट लागू शकतो. गोळ्यांनी चरबी वितळत नाही. वजन उतरलं तर पातळी थोडी वर येते.

तेव्हा घेरासाठी व्यायामच. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतकं. शिवाय दोन दिवस बैठका, जोर किंवा वजनं. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पोट आत ओढू नका. पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर धोका.

रक्तात ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ (तपासणीत डीची पातळी याच नावाने मोजतात) मिलिलीटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर नुसत्या उन्हावर विसंबू नका, डॉक्टरांना विचारा. ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच असते. दूध किंवा तूप असलेल्या जेवणानंतर घेतली तर नीट शोषली जाते. ती रोज घेणारे महाभाग असतात. त्याने रक्तात कॅल्शियम वाढतं: सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, पुढे मूत्रपिंडाला इजा. मुतखडा झालेला असेल तर पहिल्या पुडीआधीच डॉक्टरांना तसं सांगा.