शब्दाचं शेपूट आधी बघा

अनोळखी इंग्रजी शब्द दिसला की डिक्शनरी उघडण्याआधी त्याचं शेपूट, म्हणजे प्रत्यय, बघा. ‘ट्रेन’ला ‘अर’ लागला की शिकवणारा, ‘ई’ लागला की शिकणारा: ट्रेनर आणि ट्रेनी. ‘एम्प्लॉयर-एम्प्लॉयी’ची जोडीही तशीच. हे सोपं झालं.

खरी गंमत ‘इश’मध्ये आहे. ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट आणि ‘चाइल्डलाइक’ म्हणजे लहान मुलासारखा निरागस. कौतुक करायला जाऊन ‘इश’ लावलात तर पंचाईत! पण हाच ‘इश’ रंगाला लागला की निरुपद्रवी होतो; ‘ग्रीनिश’ म्हणजे हिरवट. आपल्या ‘पोरकट’ आणि ‘हिरवट’मधल्या ‘ट’चंही वागणं थोडं असंच आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे चटकन लक्षात राहावं.

‘लेस’ मात्र फसवतो. ‘होपलेस’, ‘यूसलेस’ पाठ झालेला माणूस ‘प्राइसलेस’चा अर्थ बिनदिक्कत ‘फुकट’ असा लावतो. किंमत नाही हे खरं, पण ती करताच येत नाही म्हणून! आपल्याकडचं ‘अमोल’ अगदी त्याच घडणीचं. कवडीमोलाच्या वस्तूला ‘वर्थलेस’ म्हणतात.

नवा शब्द वहीत लिहिताना एकटा लिहू नका. ‘केअरफुल, केअरलेस, केअरफ्री’ असं अख्खं कुटुंब एका ओळीत मांडा: काळजीपूर्वक, निष्काळजी, निर्धास्त.